अर्धा तांब्या डिंक

ता. ११ जानेवारी

टिटवे,

त्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोहोचलो होतो. दार उघडलं, दोन्ही खिडक्या उघडल्या, केर काढला, देवाचं नाव घेतलं आणि मोठ्या टाकीवरचं झाकण सरकवून शाई पाहिली. काळीभोर, तुकतुकीत, वाकून पाहिलं तर आपलाच चेहरा दिसावा अशी. बारा वर्षांनी तुला पहिलं पत्र लिहायला बसलो, तर लेखणीतून आधी हीच सकाळ का उतरली, माझं मलाच कळत नाही. विचारायचं आहे ते वेगळंच.

आपला जुना काजळीवाला थकला. त्यानं भट्टी बंद केली. आता नव्या माणसाकडून काजळी येते ती इतकी बारीक की पोतं उघडलं की गाळणाऱ्या मावशींना शिंक येते, आणि त्या शिंकल्या की पुढचा तासभर आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखतो. बाबांच्या मापानं डिंक घातला, दोन दिवस घोटली, फडक्यातून गाळली. दहा दिवसांत खाली गाळ आणि वर गढूळ पाणी. बाटली हलवली की क्षणभर शाई होते, मग पुन्हा बसते.

तुला आठवत असेल, तेव्हाही असंच झालं होतं. काजळीवाला आजारी पडला म्हणून एकदाच दुसरीकडची बारीक काजळी आली होती. तू म्हणाली होतीस की डिंक वाढवायला हवा. पुढे ती शाई फाटली, नोंदणी कचेरीनं साठच्या साठ बाटल्या परत केल्या, बाबा तुला नको ते बोलले. जे झालं ते झालं. ते उगाळायला मी बसलेलो नाही.

आता त्याच कचेरीनं बारा वर्षांनी पुन्हा शाई मागितली आहे. जन्ममृत्यूच्या नोंदवह्यांसाठी. मार्चअखेर द्यायची आहे. तू तिकडे प्रयोगशाळेत मुलांना हेच शिकवतेस असं कळलं. पाण्यात बारीक कण तरंगत कसे राहतात ते. म्हणून विचारतो, काय करावं?

बाबा एक्क्याऐंशीचे झाले. कानांनी जवळजवळ रजाच घेतली आहे. रोज दहाला येतात, दाराजवळच्या खुर्चीत बसतात आणि टाकीत काय चाललंय ते वासावरून सांगतात. भिंतीवरची त्यांच्या हातची पाटी तशीच आहे : ‘काजळी दहा, डिंक तीन. माप मोडू नये.’

तुझा पत्ता तुझ्या वहिनीनं दिला. तिच्याकडे तो पहिल्यापासून होता, हे मला काल कळलं. बोलण्याजोगं तोंड नव्हतं.

तुझा
दादा


ता. २ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं कार्ड मिळालं. वर ‘प्रिय’ नाही, खाली ‘तुझी’ नाही. तरी अक्षर पाहून मी ते खिशात ठेवलं, आणि दिवसभर खिसा चाचपत होतो.

“कण बारीक झाले की तेवढ्याच वजनाला कातडी जास्त. डिंक दुप्पट घ्या. तो आधी पुरता विरघळू दे. भिजवलेली काजळी डिंकात ओता, डिंक काजळीत ओतू नका. ढवळणं थांबवू नका. मग झाकून एक दिवस हात लावू नका.”

कातडीची गोष्ट मला उमगेना. मावशींना वाचून दाखवलं तर त्या बाटल्या विसळता विसळता म्हणाल्या, “त्यात काय समजायचंय? एक मोठा बटाटा सोला आणि तेवढ्याच वजनाचे सुपारीएवढे बटाटे सोला. सालं कशाची जास्त? आणि बोटं कुणाची मोडतात?” मग टाकीवाल्या काकांकडे वळून, “यांची नाही मोडत. यांनी जन्मात बटाटा सोललेला नाही.” काका ढवळत होते. ते म्हणाले, “मी सोलला असता, तर तुम्हाला बोलायला काय उरलं असतं?”

तर डिंक दुप्पट घेतला. टाकीत आधी डिंकाचं पाणी, त्यात काजळी थोडी थोडी. काका ढवळत, मी ओतत. एक दिवस झाकून ठेवली. झाकणावर हात ठेवून उभं राहायची सवय आहे ना मला, तर मावशींनी झाकणावर वीट ठेवली आणि म्हणाल्या, “आता ठेवा हात.”

आज पंधरावा दिवस. बाटली उभी आहे आणि तळ स्वच्छ आहे. प्रकाशात धरली तर वरपासून खालपर्यंत एकसारखी काळी. हे पत्र त्याच शाईनं लिहितो आहे.

काल मला तुझी लिंबं आठवली. तू तेव्हा दोन लिंबांना लोकरीचे धागे चिकटवून आणले होतेस. म्हणालीस, हा काजळीचा कण आणि हा डिंक. डिंकाचा धागा लांब असतो, तो मधेमधे चार ठिकाणी कणाला चिकटतो, बाकीचा पाण्यात मोकळा झुलतो. धाग्यांनी भरलेला दुसरा कण जवळ आला की दोघांच्या झिरमिळ्या एकमेकींत शिरतात, त्यांना दाटी होते, आणि दोघं आपसूक मागे सरतात. मी म्हणालो होतो, “लिंबांना मिशा फुटल्या.” सगळे हसले होते. तूही हसलीस, पण जरा उशिरा.

कार्डाच्या शेवटी तू विचारलं आहेस : “त्या वेळी भरलेल्या टाकीत वरून कोणी थोडा डिंक ओतला होता का?”

फार वर्षं झाली. नीट आठवत नाही.

तुझा
दादा


ता. ९ फेब्रुवारी

टिटवे,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. मला सगळं आठवतं.

पत्र टाकून आल्यावर मी दोन लिंबं घेतली आणि तुझ्या वहिनीच्या टोपलीतली लोकर. प्रत्येक लिंबाला दोनच धागे डिंकात भिजवून चिकटवले. बाकी लिंबू उघडं. मग ती एकमेकांजवळ आणली. एका लिंबाचा धागा लांब होता, त्याचं मोकळं टोक दुसऱ्याच्या उघड्या अंगाला जाऊन चिकटलं. मी लिंबू उचललं, तर दुसरंही लोंबकळत वर आलं. वहिनी म्हणाली, “या वयात काय खेळ मांडलाय?” मी तसाच बसून राहिलो, हातात ती जोडी घेऊन.

आता ऐक. पहिल्या पत्रात त्या सकाळचं लिहिलं, ते खरं होतं. फक्त पुरं नव्हतं.

आदल्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, “दादा, डिंक कमी पडतोय. काजळी बघ की किती बारीक आहे.” मी म्हणालो, “चार बुकं जास्त वाचलीस म्हणून टाकीला शिकवू नकोस. ही शाई मी तू चालायला लागायच्या आधीपासून घोटतोय.” काका हसले, बाबा हसले. मी गावच्या शाळेत सातवी झालेला, तू शहरातून पदक घेऊन आलेली. ते हसणं मला त्या दिवशी फार गोड लागलं.

घरी गेलो आणि ते हसणं आंबत गेलं. तुझं खरं असलं तर? तुला हाक मारून विचारणं सोपं होतं. ते केलं नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी आलो, केर काढला, देवाचं नाव घेतलं, झाकण सरकवलं, आणि डिंकाच्या पातेल्यातून अर्धा तांब्या डिंक घेऊन टाकीत वरून सोडला. भाजीत मीठ कमी पडलं की वरून घालतात तसा. दोनदा वल्हं फिरवलं. तांब्या धुऊन खिळ्याला अडकवला. मनात म्हटलं, तिचं ऐकलंही आणि कुणाला कळलंही नाही.

दुप्पट हवा होता, मी अर्धा तांब्या घातला, तोही अर्धवट उघड्या कणांवर, वरून. आता लिंबांनी दाखवलं त्याचं काय झालं ते. ज्या धाग्यानं त्यांना दूर ठेवायचं, त्यानंच त्यांना एकमेकांना बांधलं. मी काहीच केलं नसतं, तर शाई कदाचित दहा दिवसांनी बसली असती. माझ्या हातानं ती चार दिवसांत फाटली.

बाटल्या परत आल्या तेव्हा बाबांनी विचारलं, भरलेल्या टाकीत हात कुणी घातला? मावशी म्हणाल्या, पातेल्यातला डिंक अर्धा तांब्याभर कमी दिसला होता. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांनी पाहिलं ते सांगितलं. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. डिंक डिंक तूच करत होतीस. तू म्हणालीस, “मी नाही.” मग माझ्याकडे वळलीस. “दादा, तू तरी सांग ना. मी असं चोरून करीन का?”

मी खिळ्यावरच्या तांब्याकडे पाहत होतो. मी म्हणालो, “मला काय माहीत.”

बाबा म्हणाले, ज्या हातानं चोरून ढवळाढवळ केली तो हात या दाराला लागायला नको. ‘पुन्हा या दारात येणार नाही’ म्हणालीस आणि आठ दिवसांत गेलीस. बाबांनी शब्द पाळला, तू तुझा पाळलास. शब्द पाळण्यात आपलं घर पहिल्यापासून पुढे आहे. सांगण्यात मात्र मागे.

देवापुढे मी हे रोज सांगत आलो. देवाला सांगणं सोपं असतं, तो कुणाला बोलून दाखवत नाही.

माफी मागतो असं लिहिणार होतो. ते तीनदा लिहून खोडलं. तुला हवी असली तर ती खोडलेल्या जागी आहे.

दादा


ता. १ मार्च

टिटवे,

तुझं पत्र आलं. या वेळी वर ‘दादा’ लिहिलं आहेस. मी तो एक शब्द मावशींना दाखवला. बाकीचं नाही.

म्हणजे तुला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तू तिथल्या काचेच्या नळ्यांत आपली फाटलेली शाई पुन्हा पुन्हा करून पाहिलीस, आणि थोडा डिंक वरून सोडला की ती तशीच फाटते हे तुला दिसलं. कुणाचा तरी हात होता, एवढं तुला माहीत होतं. तो टाकीवाल्या काकांचा असेल असं तू धरून चाललीस. “बारा वर्षं त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्यांची माफी माग,” असं लिहिलं आहेस. मागितली. ते म्हणाले, “कशाबद्दल?” मी म्हणालो, असंच, बहिणीचा निरोप आहे. ते म्हणाले, “शिव्या चांगल्या होत्या ना? शिकलेल्या बाईच्या शिव्या निदान शुद्ध असतील.”

माझ्यावर तू रागावशील असं वाटलं होतं. रागावलेली नाहीस. त्याहून कठीण लिहिलं आहेस. “मी हात लावला नव्हता हे मला पहिल्यापासून माहीत आहे, ते मला सांगून काय मिळालं? ज्यांना माहीत नाही त्यांना सांग.”

खरं आहे. मी चार पानं लिहिली ती ज्या एका माणसाला गरज नव्हती त्याला.

सांगणार होतो. सोमवारी बाबांना सर्दी होती. मंगळवारी त्यांची झोप झाली नव्हती. बुधवारी ते खुशीत होते, म्हटलं आनंदात विरजण नको. तू हसत असशील. हस. पण पुढचं ऐकून हसणार नाहीस.

गुरुवारी बाबांनी नवी बाटली मागितली. उलटी केली, सुलटी केली, खिडकीशी धरली. कागदावर रेघ ओढली, बोटानं पुसून पाहिली. मग म्हणाले, “कुणाचं माप हे?”

मी म्हणालो, “माझं.”

तोंडातून निघून गेलं. ते मान हलवत राहिले. “शिकलास,” म्हणाले. मी जन्मभर या एका शब्दाची वाट पाहिली होती. आता तो मिळाला आणि त्याचं काय करावं ते कळत नाही. त्या दिवसापासून देवापुढे उभा राहतो आणि काही न बोलता परत येतो.

तुझ्या पत्रात आणखी एक ओळ आहे, ती मी बऱ्याचदा वाचली. डिंकाचा धागा कणाला पुष्कळ ठिकाणी धरतो, म्हणून एखादी पकड सुटली तरी तो निघून जात नाही, सगळ्या पकडी एका वेळी सुटायला हव्यात आणि तसं सहसा होत नाही. ती ओळ तू फक्त शाईबद्दल लिहिली असशील. मी ती ठेवून घेतली आहे.

दादा


ता. १४ मार्च

टिटवे,

परवा सकाळी नोंदणी कचेरीतला मोठा कारकून स्वतः आला. बारा वर्षांपूर्वी बाटल्या परत घेऊन आला होता तोच, आता केस पांढरे. त्यानं आपल्या बाटलीचा तळ पाहिला, नीब बुडवली, आणि एका रद्दी पानावर कुणा बाळाची खोटीच नोंद लिहिली, नावाच्या जागी ‘बाळ’. मधे कुठे लेखणी अडली नाही. म्हणाला, “गेल्या वेळी अर्ध्या नावावर शाई संपायची. लोक म्हणायचे, आमचं पोर अर्धंच जन्मलं काय.” मावशी मोठ्यानं हसल्या.

बाबांना त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. त्यांना तळ स्वच्छ दिसला. त्यांनी काठी माझ्याकडे केली आणि त्याला सांगितलं, “पोरानं माप काढलं. माझं मोडलं, पण चांगलं मोडलं.”

कारकून माझ्याकडे पाहून हसला. काकांनी वल्हं थांबवलं होतं. मला समोर खिळ्यावरचा तांब्या दिसत होता. मी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसलो.

म्हणालो, “बाबा, हे माप टिटवीचं आहे.”

“काय?”

“टिटवीचं! आणि त्या वेळी टाकीत डिंक तिनं घातला नव्हता. मी घातला होता.”

“कुणी?”

बारा वर्षं दडवलेली गोष्ट कुजबुजून सांगायची सोय देवानं ठेवली नव्हती. मी त्यांच्या कानाशी गेलो आणि जितका आवाज होता तितका काढून म्हणालो, “मी! मी चोरून ओतला होता! तिनं हात लावला नव्हता. तिनं मला विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो!”

शेजारच्या पत्रेवाल्याची हातोडी थांबली. मावशींच्या हातातलं फडकं पाण्यात पडलं. कारकून आपल्या टोपीकडे पाहत होता, टोपी पाहण्यासारखी नव्हती तरी.

बाबा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे बारा वर्षं मी चुकीच्या लेकराशी अबोला धरला.”

मी मान खाली घातली.

“आता तुझ्याशी धरायला हवा,” ते म्हणाले. “पण तेवढी वर्षं माझ्याजवळ उरलेली नाहीत.”

उठायला त्यांनी हात पुढे केला. मी धरला. ते भिंतीपाशी गेले, ओल्या फडक्यानं स्वतःच्या हातची पाटी पुसली. काकांनी खडू दिला. अक्षरं हलली, पण वाचता येतात : ‘काजळी दहा, डिंक सहा. काजळी डिंकात ओतावी. टिटवीचं माप.’ ‘माप मोडू नये’ लिहायला हात उचलला आणि खाली घेतला. म्हणाले, “ते राहू दे. पुढे तिला मोडायचं असेल.”

मावशी रडत होत्या आणि काकांना सांगत होत्या की काजळी डोळ्यांत गेली. काका म्हणाले, “दोन्ही डोळ्यांत? मापात गेली.”

पत्राबरोबर एक बाटली पाठवतो आहे. तुझ्याकडे पोहोचायला दोन दिवस लागतात, वाटेत खूप हलेल. पोहोचल्यावर टेबलावर ठेव, आठवडाभर हात लावू नकोस, मग तळ पाहा. बाबांनी निरोप लिहायला सांगितला, मग म्हणाले नको, मीच लिहितो. या कागदाची मागची अर्धी बाजू आधी त्यांना दिली. त्यांनी दोन दिवस घेतले. काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण लिहिताना त्यांनी मला विचारलं की गाडी तिकडून सकाळी निघते की दुपारी, आणि म्हणाले, दाराचं बिजागर करकरतं त्याला आजच तेल घाल.

तेल घातलं. तांब्याही खिळ्यावरून काढला आणि मावशींना फुलझाडांना पाणी घालायला दिला.

बाकी तुला लिहायचं ते एवढंच. तू म्हणाली होतीस, ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. मी सांगितलं, टिटवे. दोनदा त्यांना ऐकू आलं नाही, तिसऱ्यांदा आलं. आणि तिसऱ्यांदा माझा आवाज कापला नाही.

तुझा
दादा